तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : निगेटिव्हच्या पट्ट्या घरी स्कॅन करताना

प्रश्न : नमस्कार सर. वडिलांनी नाशिकच्या २००३ च्या सिंहस्थात काढलेले जवळपास पाच रोल घरात सापडले, निगेटिव्हच आहेत, प्रिंट एकही नाही. मी पस्तीस एमएमचा छोटा फिल्म स्कॅनर घेतला आणि दोन पट्ट्या करून बघितल्या. फोटो आले पण मेनरोडवरच्या दुकानांच्या पाट्या उलट्या वाचायला येतायत, रंग पार निळसर झालेत आणि सगळीकडे पांढरे ठिपके नि केस. स्कॅनर परत करू का? (पंचवटीहून एक वाचक)

उत्तर : परत करू नका, तुमच्या तिन्ही अडचणींत स्कॅनरचा काही दोष दिसत नाही.

आधी पाट्यांचं बघू. निगेटिव्हला दोन बाजू असतात, एक चकचकीत आणि एक जरा मंद, मॅट. मॅट बाजूला इमल्शन असतं म्हणजे खरं चित्र तिथे असतं, आणि पट्टी वळते ती सहसा त्याच बाजूला आत. पट्टीच्या कडेला फिल्मचं नाव आणि फ्रेमचे नंबर छापलेले असतात, ते ज्या बाजूने सरळ वाचता येतात ती चकचकीत बाजू. आता होल्डरमध्ये कुठली बाजू वर ठेवायची हे प्रत्येक मशीनचं वेगळं, म्हणून मॅन्युअल बघा, नाहीतर एक पट्टी दोन्हीकडून स्कॅन करून बरोबर कुठली ते होल्डरवर पेनाने लिहून ठेवा. पाटी असलेला फोटो सोपा असतो हो, पण रामकुंडावर नुसती गर्दी आहे, अक्षर कुठेच नाही, तेव्हा काय करायचं? तेव्हा बायकांचा पदर बघायचा. आपल्याकडे पदर डाव्या खांद्यावर असतो, फोटोत सगळ्याच बायांचा उजव्या खांद्यावर दिसला तर पट्टी उलटी गेलीय. (गुजराती पद्धतीची साडी असेल तर हा नियम चालत नाही, तिथे पुरुषांचं घड्याळ कुठल्या हातात आहे ते बघायचं.) आधीच झालेल्या फोटोंसाठी परत स्कॅन करत बसू नका, कुठल्याही फोटो ॲपमध्ये आडवं फ्लिप केलं की काम झालं.

निळसर रंगाचं म्हणाल तर मला वाटतं तुम्ही फिल्म टाइपमध्ये स्लाइड किंवा पॉझिटिव्ह ठेवलं आणि नंतर मोबाइलवर रंग उलटे केले. कलर निगेटिव्ह हातात धरली की नारिंगी दिसते ना, तो रंग जुनाटपणामुळे आलेला नाही, कंपनीनेच मुद्दाम दिलेला असतो. फिल्ममधले रंग शंभर टक्के शुद्ध नसतात आणि ती कसर भरून काढायला हा नारिंगी मास्क असतो. तो वजा न करता चित्र नुसतं उलटं केलं की नारिंगीच्या विरुद्ध रंग म्हणजे निळा सगळ्या फोटोवर पसरतो. कलर निगेटिव्ह हा पर्याय निवडून परत करा, मग जी थोडी छटा उरेल ती फोटोत पांढरं काय आहे, धोतर, टोपी, मंदिराचा चुना, त्यावर फोटो ॲपमधला व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (पांढरं कुठलं ते ॲपला दाखवायची खूण) टेकवून काढता येते.

आता धूळ, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. निगेटिव्हवरची धूळ उजेड अडवते, आणि चित्र उलटं झालं की तीच पांढरी दिसते. फ्रेम आहे फक्त २४ बाय ३६ मिलिमीटर, तिच्यावरचा बारीक केस मोठ्या प्रिंटमध्ये दोरखंडासारखा दिसतो. मी पहिल्यांदा गंगापूर रोडच्या घरी मे महिन्यात पंखा चालू ठेवून बसलो होतो आणि एका रोलची धूळ कॉम्प्युटरवर काढण्यात दोन संध्याकाळी गेल्या, तेव्हापासून पंखा बंद, फरशी ओल्या फडक्याने पुसलेली, आणि मगच पट्टी पाकिटातून बाहेर. रबरी ब्लोअरने दोन्ही बाजूंनी हवा मारायची, तोंडाने फुंकर अजिबात नाही, थुंकीचा एक थेंब पडला तरी डाग राहतो. पट्टी कडेने धरायची. शर्टाच्या टोकाने किंवा चष्म्याच्या फडक्याने घासायचं नाही, ओरखडा पडला की तो कायमचा. हवा फार कोरडी असली तर फिल्मवर स्टॅटिक म्हणजे स्थिर वीज तयार होऊन धूळ उलट जास्त चिकटते, त्यामुळे भर उन्हाळ्यात दुपारी हे काम काढू नये.

काही स्कॅनरमध्ये इन्फ्रारेडने, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाने, धूळ ओळखून काढायची सोय असते, तुमच्यात आहे का बघा. कलर फिल्मवर ती छान चालते, कारण इन्फ्रारेड रंगांमधून आरपार जातो आणि धुळीवर अडतो.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, डीपीआय, म्हणजे स्कॅनर दर इंचाला किती ठिपके टिपतो तो आकडा. २४०० ला स्कॅन केलं तर एका फ्रेमचे साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेल मिळतात, म्हणजे पावणेआठ मेगापिक्सेल, आठ बाय दहा इंचाच्या प्रिंटला व्यवस्थित पुरतं. ३२०० ला साडेतेरा मेगापिक्सेलच्या पुढे जातं. त्यावरचे जे मोठमोठे आकडे डब्यावर छापलेले असतात ते बऱ्याचदा इंटरपोलेशनचे, म्हणजे मशीनने अंदाजाने मध्ये भरलेल्या पिक्सेलचे असतात, त्यात फाइल फुगते पण तपशील वाढत नाही. पाचही रोल ३२०० ला करा, आणि जे फोटो खरंच मोलाचे आहेत तेवढे १६ बिट टिफमध्ये (रंगांचा जास्त तपशील राखणारी मोठी फाइल), तशी एक फाइल ऐंशी एमबीच्या आसपास जाते म्हणून सगळेच तसे ठेवायची गरज नाही, बाकीचे चांगल्या क्वालिटीच्या जेपेगमध्ये चालतील.

प्रश्न : आजोबांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या चौकोनी ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह आहेत, स्कॅनरच्या होल्डरमध्ये बसतच नाहीत. काहींवर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय, पाण्याने धुऊ का? (देवळाली कॅम्प)

उत्तर : पाणी लावू नका, कृपा करून. ती बुरशी आहे, आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद ट्रंकेत हमखास येते. बुरशी इमल्शनमधलं जिलेटिन खाते आणि जिथे खाल्लंय तिथलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, म्हणजे जाळ्याबरोबर आजोबांचा चेहराही वाहून जायचा. आहे तसं आधी स्कॅन करून घ्या, साफसफाईचं नंतर, आणि तेही माहीतगार माणसाकडून.

क्लिक थ्रीला १२० नंबरचा रोल लागायचा, त्याची फ्रेम साधारण ५६ मिलिमीटर चौरस, ती पस्तीसच्या स्कॅनरमध्ये कशी बसणार? यासाठी झाकणात लाइट असलेला फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर लागतो, एप्सनच्या व्ही ६०० ला १२० चा होल्डर येतो. विकत घेऊ नका, दोन-चार रोलसाठी कुणाकडून एक दिवस मागून आणा. निगेटिव्ह काचेवर थेट ठेवू नका, चिकटल्या जागी इंद्रधनुष्यासारखी वर्तुळं उमटतात, होल्डरमुळे मध्ये जागा राहते. पट्टी फार वळली असेल तर पाकिटात घालून जाड पुस्तकात आठवडाभर दाबून ठेवा. आणि इन्फ्रारेड बंद करा. ब्लॅक अँड व्हाइटमधलं चित्र चांदीचं असतं, चांदी इन्फ्रारेडला अडवते, मशीनला सगळं चित्रच धूळ वाटतं आणि चेहरे पुसट होतात.

प्रश्न : स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह टाकून दिल्या तर चालतील? घर लहान आहे. (सिडको)

उत्तर : नाही! पाच रोलच्या पट्ट्या एका वहीएवढ्या फोल्डरमध्ये मावतात. हार्ड डिस्क कधीही जाते, निगेटिव्ह परत स्कॅन करता येते. सिलिका जेलची पुडी टाकून हवाबंद डब्यात ठेवा, माळ्यावर नको, तिथे पत्र्याची उष्णता असते. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा बेस कुजायला लागलाय, त्या पट्ट्या बाकीच्यांपासून लगेच वेगळ्या करा आणि त्याच आधी स्कॅन करा.

पंचवटीच्या वाचकांना अजून एक, फाइलला नाव देताना वडिलांना शेजारी बसवा. दुतोंड्या मारुतीपाशी उभी असलेली ती माणसं कोण हे आज फक्त त्यांनाच माहितीय.