वाचकांचे प्रश्न : बेजिंगचे राजवाडे आणि राजोद्याने

प्रश्न : आम्ही ऑक्टोबरमध्ये बेजिंगला जाणार आहोत. सहलीच्या कार्यक्रमात निषिद्ध नगरी आणि उन्हाळी राजवाडा ही दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी ठेवली आहेत. सोबत माझी वयस्कर आई आहे. हे तिला झेपेल का? आणि दोन्ही राजवाडेच असतील, तर एक पाहून भागणार नाही का?

उत्तर : एका दिवसात दोन्हींच्या दारांतून आत जाऊन बाहेर पडता येईल, पण त्याला पाहणे म्हणता येणार नाही. शक्य असेल तर कार्यक्रम बदलून घ्या आणि दोन वेगळे दिवस ठेवा. एक पाहून मात्र भागणार नाही, कारण चीनच्या शेवटच्या, म्हणजे चिंग राजघराण्यातल्या सम्राटांचे आयुष्यच या दोन प्रकारच्या जागांत विभागलेले होते. सम्राट योंगझेंगच्या काळापासून त्यांचे वर्षातले कित्येक महिने शहराच्या वायव्येकडील उद्यानांत जात, आणि राज्यकारभारही तिथूनच चाले. केवळ निषिद्ध नगरी पाहून परतणाऱ्याला सम्राटाची गादी दिसते, त्याचे राहणे दिसत नाही.

मिंग सम्राट योंगल याने 1406 ते 1420 या काळात बांधलेली निषिद्ध नगरी सुमारे 72 हेक्टरांवर पसरली असून तिची सारी मांडणी दक्षिणोत्तर सरळ रेषेवर आहे. मुख्य दालनापुढच्या अफाट फरसबंद चौकात एकही झाड नाही. दरबाराला येणाऱ्याने ते मोकळे अंतर चालत यावे आणि त्या चालण्यातच सिंहासनाचा दरारा त्याच्या मनावर बसावा, अशी ती योजना आहे. म्हणून दालनाच्या उंबऱ्याशी गर्दीत घुसून सिंहासनाचे छायाचित्र काढण्यापेक्षा चौकाच्या दक्षिण टोकाला थोडा वेळ उभे राहणे मला अधिक मोलाचे वाटते. एकामागे एक असलेल्या तीन मुख्य दालनांपैकी तिसऱ्याच्या मागे उतरणीवर ड्रॅगन कोरलेली एक अखंड शिळा आहे. तिची लांबी 16 मीटरांहून अधिक आणि वजन 200 टनांहून अधिक आहे. असे दगड भर हिवाळ्यात रस्त्यावर पाणी ओतून, त्याचा बर्फ झाल्यावर त्यावरून ओढत आणले जात.

तिकिटाची तजवीज आधी करा. ते ऑनलाइन आणि पासपोर्टच्या क्रमांकावर मिळते, साधारण सात दिवस आधी विक्रीस येते आणि लवकर संपते. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात त्याची किंमत 60 युआन असते. सोमवारी, सार्वजनिक सुट्टी नसल्यास, दार बंद असते. प्रवेश दक्षिणेच्या दरवाजातून होतो (त्याचे चिनी नाव वू-मन). पर्यटक बहुधा उत्तरेकडून बाहेर पडतात. 1 ते 7 ऑक्टोबर ही राष्ट्रीय सुट्टी टाळाच, कारण त्या आठवड्यात सारा देश प्रवासात असतो. आईंना मधल्या उंच चौथऱ्यांवर चढवण्याची गरज नाही, बाजूच्या चौकांतूनही उत्तरेकडे जाता येते.

उन्हाळी राजवाडा आईंना अधिक रुचेल असे मला वाटते. सुमारे 290 हेक्टरांच्या या उद्यानाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाण्याखाली आहे. च्यानलाँग सम्राटाने 1750 मध्ये आईच्या साठीनिमित्त ते उभारायला घेतले, 1860 मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी ते जाळले आणि राजमाता त्सिशीने ते पुन्हा उभे केले. पूर्व दरवाजाने आत जावे. सरोवराच्या काठची 728 मीटर लांबीची चित्रित पडवी सपाट आणि छताखालची आहे, त्यामुळे हवे तितके चालून हवे तिथे बसता येते. टेकडीवरच्या मनोऱ्याची चढण मात्र आईंनी सोडून द्यावी. सरोवराकाठून पश्चिमेला पाहिले की दूरच्या टेकडीवरचा पॅगोडा उद्यानातलाच वाटतो. तो कुंपणाबाहेर आहे, आणि बाहेरचे दृश्य असे आत ओढून घेणे हे या उद्यानकलेतले मोठे कौशल्य आहे. पूर्व काठावरचे युलानतांग हे दालनही चुकवू नका. सम्राट ग्वांगशूने 1898 मध्ये हाती घेतलेल्या सुधारणा मोडून काढल्यावर त्सिशीने त्याला तिथे नजरकैदेत ठेवले होते, आणि त्याच्या वाटा बंद करण्यासाठी घातलेल्या विटांच्या भिंती अजून दिसतात.

प्रश्न : युआनमिंगयुआनमध्ये, म्हणजे जुन्या उन्हाळी राजवाड्यात, केवळ पडके खांब आहेत असे ऐकले. तिथे जावे का?

उत्तर : अवश्य जावे. छायाचित्रांत दिसणारे ते संगमरवरी खांब युरोपीय धर्तीच्या महालांचे आहेत, आणि ते महाल म्हणजे या प्रचंड उद्यानाचा ईशान्येचा एक छोटा कोपरा होता. बाकीच्या बहुतेक इमारती चिनी पद्धतीच्या, लाकडी होत्या. ऑक्टोबर 1860 मध्ये ब्रिटनचा प्रतिनिधी लॉर्ड एल्गिन याच्या हुकुमावरून लावलेल्या आगीत त्या भस्मसात झाल्या आणि दगड तेवढा उरला. त्यामुळे पुष्कळांचा असा समज होतो की हा युरोपीय राजवाडाच होता. तो टाळण्यासाठी खांब पाहून लगेच परतू नये. तळी, बेटे आणि मातीच्या टेकड्या यांची मूळ रचना बरीचशी ओळखू येते, आणि कमळांच्या तळ्यांकाठून निवांत चालल्यावर किती मोठे उद्यान नाहीसे झाले याचा खरा अंदाज येतो.

प्रश्न : बेजिंगबाहेर एकच दिवस देता येईल. चंगद की शेनयांग?

उत्तर : चंगद. कांग्शी सम्राटाने 1703 मध्ये सुरू केलेले तिथले उन्हाळी निवासस्थान 564 हेक्टरांचे आहे, आणि बेजिंगहून वेगवान रेल्वेने तिथे सकाळी जाऊन रात्री परतता येते. त्याचे मुख्य दालन न रंगवलेल्या नानमू लाकडाचे आहे. निषिद्ध नगरीतला लाल-सोनेरी थाट पाहून आलेल्याला हा साधेपणा विशेष भिडतो. दुपार तटाबाहेरच्या मंदिरांसाठी राखून ठेवा, त्यांतही ल्हासाच्या पोताला प्रासादाच्या धर्तीवर 1767 ते 1771 मध्ये बांधलेले पुतुओ झोंगचंग आधी पाहा. शेनयांगचा, चिंग घराण्याच्या मांचू राजांचा राजवाडा 1625 मध्ये सुरू झालेला, म्हणजे चिंग घराण्याने बेजिंग घेण्याच्या आधीचा आहे. इतिहासाची गोडी असेल तर त्यासाठी पुढे कधी वेगळा मुक्काम करावा.