वजन 52 किलोच, मग पोट का सुटलं?

प्रश्न: डॉक्टर, मी भुसावळहून लिहितेय, वय 49, उंची पाच फूट आणि वजन 52 किलो. हातपाय बारीकच आहेत पण दोन वर्षांत पोट इतकं सुटलंय की ब्लाऊज बसतो आणि ड्रेस कमरेत अडकतो. दीड वर्षापूर्वी पाळी गेली. घरात सगळे म्हणतात चाळिशीनंतर बायांचं पोट सुटतंच, त्यात काय एवढं, वजन तर वाढलं नाही ना. मुलगी म्हणते क्रंचेस मार, शेजारीण पोटाचा पट्टा घे म्हणते. मागच्या महिन्यात दोन दिवस थोडे डाग दिसले पण ते आपोआप थांबले. मी खरंच काळजी करायला हवी का? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुली माहेरी येणारेत, त्यानंतर सवडीने दाखवेन म्हणते.

उत्तर: ताई, तुम्ही पोटाचं विचारलंत पण मी आधी त्या डागांचं बोलणार आहे, कारण पत्रात सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. पाळी थांबून सलग बारा महिने झाले की त्यानंतर दिसलेलं रक्त, मग ते एक थेंब का असेना, तपासायलाच लागतं. बहुतेक वेळा आतली त्वचा कोरडी, पातळ झालेली असते आणि कारण साधं निघतं, पण कधीकधी तीच गर्भाशयाच्या कॅन्सरची पहिली खूण असते आणि तेव्हाच पकडला तर तो बरा होतो. गायनॅककडे जा, सोनोग्राफीत गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची जाडी बघतात, जास्त वाटली तर छोटासा तुकडा तपासायला पाठवतात.

याचा पोटाशी संबंध आहे बरं का. अंडाशयांचं काम थांबलं तरी शरीरातली चरबी थोडं थोडं इस्ट्रोजेन हे बायांचं हार्मोन बनवतच राहते, पण त्याला आवर घालणारं दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, तर आता नसतं, म्हणून गर्भाशयाचं अस्तर वाढत राहू शकतं. पाळी गेल्यानंतरच्या स्तनाच्या कॅन्सरचा धोकाही याच वाटेने वाढतो.

आता पोट. पाळी चालू असते तोवर चरबी जास्त करून मांड्या-नितंबांवर बसते, इस्ट्रोजेन उतरलं की ती पोटात शिरायला लागते, म्हणून वजनाचा काटा हलत नाही आणि ड्रेस मात्र अडकतो. चिमटीत धरता येते ती कातडीखालची चरबी त्या मानाने कमी त्रासाची, खरा त्रास आतड्यांभोवती आणि लिव्हरजवळ साचलेलीचा. तिथलं रक्त थेट लिव्हरमध्ये जातं, सोबत फॅटी ॲसिड्स नेतं, मग फॅटी लिव्हर होतं, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड वाढतात, इन्सुलिन नीट काम करत नाही, पुढे शुगर, बीपी आणि हार्ट. बारीक हातापायांच्या बाईलाही हे सगळं होतं, आणि "वजन तर नॉर्मल आहे" म्हणत तिची तपासणीच राहून जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून काटा बाजूला ठेवा, शिवणाचा टेप घ्या. परकराची नाडी बांधतो तिथे मोजायचं नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. आपल्याकडच्या बाईसाठी 80 सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही हद्द. दुसरा सोपा हिशोब, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, तुमच्यासाठी 30 इंच.

उपाशीपोटी शुगर, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर), लिपिड (रक्तातली चरबी), लिव्हर, थायरॉइड आणि बीपी करून घ्या. एचबीए1सी 5.7 ते 6.4 आला तर तो डायबिटीसच्या उंबरठ्यावरचा, तिथून मागे फिरता येतं.

क्रंचेसने पोटाचे स्नायू घट्ट होतील, आतली चरबी त्याच जागची निघत नाही, आणि पट्ट्याने फक्त घाम येतो. आठवड्याला 150 मिनिटं दम लागेल असं चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला जातो तेव्हा पहाटे सहाच्या आत नाहीतर रात्री गच्चीवर चाला.

खाण्यात कळण्याची भाकरी सोडू नका, तिच्यात ज्वारीसोबत उडीदही असतो, फक्त किती खायची ते बघा. सोडायची ती शेवभाजीवरची तर्री. वरण-बट्टीच्या दिवशी तुपात बुडवलेली तिसरी बट्टी नको, आणि "वाया जायला नको" म्हणून सगळ्यांचं उरलेलं रात्री दहाला आपल्या पोटात ढकलायचं, हे तर आधी बंद करा. तेल दिवसाला माणशी चार-पाच छोटे चमचे, तेवढं पुरतं.

आणखी एक, बायांच्या हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ येईलच असं नाही. जबडा, पाठ दुखणं, धाप, एकदम गळून जाणं असंही होतं, ते गॅस समजून सोडा पीत घरी बसू नका, 108 ला फोन करा.

आखाजीची वाट मात्र बघू नका ताई, याच आठवड्यात जा. शेवटच्या पाळीची तारीख, डाग दिसले ते दिवस आणि चालू असलेल्या गोळ्या एका कागदावर लिहून न्या, आणि डाग आपोआप थांबले होते हेही सांगा, ते थांबले म्हणून तपासणी टाळू देऊ नका.