लेक गुलूला जायचं म्हणते

नमस्कार,

वसईहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेकीचं बी.पी.एड.चं शेवटचं वर्ष, कॉलेजच्या फुटबॉल संघात ती खेळलेली. धर्मग्रामातल्या (आपल्या चर्चच्या पॅरिशमधल्या) ओळखीतून एका ख्रिस्ती क्रीडा सेवासंस्थेचं बोलावणं आलंय : उत्तर युगांडात, गुलूजवळच्या अचोली गावांत वर्षभर मुलांना खेळ शिकवायचे. पगार नाही, उलट खर्चाचे पैसे तिनेच उभे करायचे. तुमचे प्रश्न दोन : जिवाला धोका नाही ना, आणि वर्ष फुकट जाणार नाही ना? (पुढचं पत्र मात्र तिला लिहू द्या. तेवीस वर्षांची आहे ती.)

तिथल्या युद्धाचं तुम्ही व्हिडिओत पाहिलंत ते खरं आहे, पण जुनं आहे. बंडखोर पुढारी जोसेफ कोनीच्या टोळ्यांनी 1987 पासून जवळजवळ वीस वर्षं अचोली मुलुख होरपळून काढला, हजारो मुलं पळवून त्यांच्या हाती बंदुका दिल्या. दिवस मावळला की खेड्यांतली पोरं चालत गुलूत यायची आणि बसस्थानकात, व्हरांड्यात झोपायची. 2003 साली तिथले कॅथलिक आर्चबिशप जॉन बॅप्टिस्ट ओडामा आणि इतर धर्मपुढारी चार रात्री त्या पोरांसोबत उघड्यावर झोपले. 2006 मध्ये शस्त्रसंधी झाली, युद्धामुळे गाव सोडून छावण्यांत राहिलेली माणसं हळूहळू परतली. आज तिथे मी जास्त धास्ती घेईन ती मलेरियाची आणि रात्रीच्या रस्त्याची.

ओडामांची गोष्ट मुद्दाम सांगितली. अचोली समाज बहुतांश ख्रिस्ती आहे आणि तिथलं चर्च शंभर वर्षांहून जुनं आहे. युद्धात समेटासाठी धडपडले ते तिथलेच धर्मगुरू. उद्या कोणी परदेशी तरुण वसईत उतरून तुम्हाला प्रार्थना कशी करावी हे सांगू लागला तर तुम्ही चहा पाजाल, पण मनात काय म्हणाल? लेकीने हे डोक्यात ठेवूनच विमानात बसावं.

आणखी एक. आज मैदानावर येणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाने युद्ध पाहिलेलं नाही. ते पाहिलंय त्याच्या वडिलांनी आणि त्याच्या प्रशिक्षकाने. गुलूचा तिशीतला प्रशिक्षक म्हणजे कदाचित त्या काळी पथारी घेऊन शहराकडे चालणारं पोरच. त्याला तिथली भाषा येते, कुठल्या घरात काय घडलंय ते ठाऊक असतं, आणि तो तिथेच राहणार आहे. तुमची लेक वर्षाने परत येणार. म्हणून तिने संस्थेला पहिला प्रश्न हा विचारावा : मी परतल्यावर, तेराव्या महिन्यात, मुलांचा सराव कोण घेणार? एखाद्या स्थानिक माणसाचं नाव मिळालं आणि त्याच्या हाताखाली काम करायचं असेल, तर मी जा म्हणेन. 'प्रभू कुणाला तरी पाठवेल' असं उत्तर आलं, तर थांबा.

दुसरी पारख सोपी. मुलांमध्ये काम करणारी नेटकी संस्था तुमच्या लेकीचीच चौकशी करेल : पोलिसांचा चारित्र्य दाखला, ओळखीच्या दोघांची पत्रं, मुलांशी वागण्याचे लेखी नियम. काहीच न मागता पैसे कधी भरता एवढंच विचारणाऱ्यांपासून लांब राहावं. वर्षभराचं काम पर्यटक व्हिसावर उरकायला सांगत असतील तर सरळ नाही म्हणा, परवाना काढून देणं त्यांचं काम. पैसे धर्मग्रामातून, नातेवाइकांतून उभे राहिले तर उत्तम. त्यासाठी ठेव मोडू नका.

करिअरचं म्हणाल, तर खेळातून समाजकाम हे आता रीतसर क्षेत्र आहे. विजय बारसे यांनी 2001 मध्ये नागपुरात सुरू केलेलं 'स्लम सॉकर' त्यातलंच. माझा आग्रह आहे की लेकीने आधी अशा ठिकाणी सहा महिने काम करावं. वस्तीतली तीस मुलं, एक चेंडू, पावसाने चिखल झालेलं मैदान, हे मराठीत आणि हिंदीत जमलं तरच परक्या भाषेत जमेल. मग गुलूत रोज लिहून ठेवावं : किती मुली आल्या, किती गळाल्या, का गळाल्या. नोकरीच्या मुलाखतीत ती वही बोलते, फोटो नाही. बायोडाटात संस्थेचं ख्रिस्ती नाव लपवू नये. लपवलेलं कधीतरी निघतंच, आणि तेव्हा उगाच शंका येते.

फुटबॉलसोबत तिने खो-खोही न्यावा. 2025 मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात युगांडाच्या मुली उपांत्य फेरीपर्यंत पोचल्या होत्या, आणि जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. दोन खांब आणि चुन्याची फक्की एवढ्यावर भागतं. चेंडू फुटायची भीती नाही.

जायचं ठरलंच, तर पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची आणि ती घेतल्याचा पिवळा दाखला पासपोर्टसोबत ठेवायचा. तो नसेल तर परतल्यावर आपल्याच विमानतळावरून तिला सहा दिवस विलगीकरणात नेतील, आणि तुम्ही बाहेर डबा घेऊन उभे.