बोअर वाढवलेल्या स्कूटरला आफ्टरमार्केट ईसीयू बसवावा का, आणि बसवताना काय पाहावे?

आपण विचारले आहे की १२५ सीसीच्या इंजेक्शन स्कूटरला मोठ्या बोअरचे (सिलिंडरच्या मोठ्या व्यासाचे) किट, मोठी थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप जिच्यात असते ती) आणि मोकळा सायलेन्सर बसवल्यापासून ती अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे मिस मारते. मेकॅनिकने आफ्टरमार्केट ईसीयू, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारी बाहेरच्या कंपनीची इलेक्ट्रॉनिक पेटी, सुचवली आहे, तर ती बसवावी का, आणि बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला नेहमी जाणे-येणे असल्याने गाडी टिकेल का.

बसवावा. एवढे बदल झाल्यावर मूळ ईसीयूकडून गाडी नीट चालण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. मी बेळगावच्या उद्यमबागेत इंजिनाचीच कामे करतो आणि ईसीयू बदलल्यानंतर पिस्टन खराब होऊन आलेली इंजिने पाहिली आहेत. बहुतेक वेळा त्यांत दोष त्या पेटीचा नव्हता. एक तर पेटीला सेन्सरकडून चुकीची माहिती मिळत होती, नाही तर तिच्यातले पेट्रोलचे टेबल (कोणत्या थ्रॉटलला आणि आरपीएमला किती पेट्रोल सोडायचे तो तक्ता) एका हवेवर बेतलेले होते आणि गाडी दुसऱ्याच हवेत पळवली जात होती.

आपली गाडी मिस का मारते ते आधी पाहू. कंपनीचा ईसीयू थ्रॉटल किती उघडला आहे, आरपीएम किती आहे आणि इनटेकमधला दाब किती आहे यावरून आत किती हवा आली असेल ते ठरवतो. थ्रॉटल बॉडी मोठी केली की तेवढ्याच कोनात जास्त हवा आत शिरते, पण टेबलातला आकडा जुनाच राहतो. सायलेन्सरच्या तोंडाशी असलेला ऑक्सिजन सेन्सर हलक्या थ्रॉटलवर ही तूट भरून काढतो, म्हणून गावातल्या गावात गाडी बरी वाटते. मात्र तो सेन्सर साधा, नॅरोबँड जातीचा असल्याने मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आहे की लीन (पेट्रोल कमी) एवढेच सांगू शकतो, आणि जोर पडल्यावर ईसीयू त्याचे ऐकणेच थांबवतो. नेमक्या त्याच टप्प्यावर आपले इंजिन लीन चालते आहे. ईसीयू बसेपर्यंत कृपया फुल थ्रॉटल देऊ नका.

बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा पॉवरट्रॉनिक हा पिगीबॅक, म्हणजे मूळ ईसीयूच्या जोडीने काम करणारा प्रकार आहे. सायलेन्सर आणि एअर फिल्टर एवढाच बदल असेल तर माझ्या मते पिगीबॅक पुरेसा होतो. बोअर, थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर तिन्ही बदलायचे असतील तर तैवानच्या एरेसरसारखा स्वतंत्र ईसीयू घ्यावा. घेताना आपल्याच मॉडेलचा कपलर (वायरींचा प्लग) मिळाला तरी आतले टेबल आपल्या इंजिनासाठी बनलेले नसते, हे विक्रेता क्वचितच सांगतो.

पहिले काम इग्निशनचे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, तपासण्याचे, आणि ते टाळून पुढे जाऊ नये. नव्या ईसीयूच्या सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग एका आकड्यावर, समजा १० अंशांवर, कुलूपबंद करता येते. पंख्याचे कव्हर काढून फ्लायव्हीलवरच्या खुणेवर टायमिंग लाइट धरा आणि प्रत्यक्ष ठिणगी तेवढ्याच अंशांवर पडते का ते पाहा. मग आरपीएम चार हजारांपर्यंत न्या. खूण जागच्या जागी स्थिर राहिली पाहिजे. ती सरकू लागली तर पिकअप कॉइलच्या (क्रँक कुठे आहे ते ईसीयूला कळवणाऱ्या सेन्सरच्या) दोन वायरी उलट जोडल्या गेल्या असण्याची शक्यता फार मोठी असते; गाडी तशीही सुरू होते, आयडलही धरते, म्हणून कोणाला शंका येत नाही, पण वरच्या आरपीएमला टायमिंग किती अंशांनी चुकले आहे याचा पत्ता राहत नाही आणि त्यावर केलेले सगळे ट्यूनिंग वाया जाते.

इंजेक्टर पुरेल का, हे कागदावरही काढता येते. नऊ हजार आरपीएमला चार-स्ट्रोक इंजिनाचे एक चक्र १३.३ मिलिसेकंदांत संपते. इंजेक्टर त्यातला ८५ टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवू नये असा संकेत आहे, म्हणजे हातात सुमारे ११.३ मिलिसेकंद उरतात. लॉगमध्ये (चालत्या गाडीतून ईसीयूने नोंदवलेल्या आकड्यांत) इंजेक्टर उघडा राहण्याचा आकडा त्याच्या वर जात असेल तर टेबलात कितीही पेट्रोल वाढवले तरी उपयोग होणार नाही; मोठा इंजेक्टरच लागेल. नवा इंजेक्टर बसवला की त्याचा डेड टाइम, म्हणजे वीज मिळाल्यापासून तो प्रत्यक्ष उघडेपर्यंतचा वेळ, सॉफ्टवेअरमध्ये बॅटरीच्या व्होल्टेजनुसार भरावा. तो न भरल्यास व्होल्टेज खाली-वर होताच आयडल बिघडते.

स्कूटरला गिअर नाहीत, व्हेरिएटर (रोलर सरकून पट्ट्याचे गुणोत्तर आपोआप बदलणारी पुली) आहे, ही गोष्ट मोटरसायकलवर शिकलेले ट्यूनर पुष्कळदा विसरतात. फुल थ्रॉटल दिला की रोलरच्या वजनाप्रमाणे इंजिन एका ठरावीक आरपीएमला जाऊन टेकते आणि वेग वाढत गेला तरी बराच वेळ तिथेच राहते. त्यामुळे आधी रोलर पक्के करा, मगच टेबल भरायला घ्या. टेबल झाल्यावर हलके रोलर टाकले तर इंजिन कोणी न तपासलेल्या रकान्यांत चालू लागते.

मिश्रणासाठी वाइडबँड, म्हणजे मिश्रण नेमके किती रिच किंवा लीन आहे ते आकड्यात सांगणारा ऑक्सिजन सेन्सर लागतोच. आणि आकडे एअर-फ्युएल गुणोत्तरात न पाहता लॅम्डात पाहावेत (बरोबर मिश्रणाला १, रिचला त्याहून कमी, लीनला जास्त), कारण शुद्ध पेट्रोलचे १४.७ हे गुणोत्तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे १३.५ वर येते. लॅम्डा मात्र दोन्हींत १ च राहतो. एअर-कूल्ड इंजिनाला फुल थ्रॉटलवर ०.८५ ते ०.८८ ठेवावा, असे माझे मत आहे.

आता आपल्या मुलखाचा मुद्दा, जो बाहेरून आलेल्या कोणत्याही तयार टेबलात नसतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे आणि इथला हवेचा दाब साधारण ९२ ते ९३ किलोपास्कल असतो. गोव्यात तो १०१ च्या आसपास असतो. जांबोटी, कणकुंबी करत घाट उतरून आपण साखळीला पोचता, तेव्हा त्याच थ्रॉटलवर इंजिनात दाबाच्या हिशेबाने सुमारे नऊ टक्के जास्त हवा जात असते. ईसीयू केवळ थ्रॉटल आणि आरपीएमवर चालत असेल आणि त्यात हवेच्या दाबाची दुरुस्ती सुरू केलेली नसेल, तर बेळगावात ०.८७ असलेला लॅम्डा तिथे ०.९५ च्या घरात जातो. परतताना लांबच लांब चढावर थ्रॉटल पूर्ण उघडा, वेग कमी, म्हणून वारा कमी, आणि मिश्रण लीन. पिस्टन धरतो तो अशा ठिकाणी.

म्हणून खरेदी करतानाच विचारा: दाबाची दुरुस्ती आहे का, आणि ती दाब कधी वाचते? पुष्कळ ईसीयू मॅप सेन्सरवरून (इनटेकमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरवरून) बाहेरचा दाब फक्त किल्ली लावताना, इंजिन सुरू होण्याआधी टिपून ठेवतात. तसे असेल तर घाट उतरल्यावर थांबून एकदा किल्ली बंद करून पुन्हा लावावी, म्हणजे खालच्या हवेचा आकडा घेतला जाईल. टेबल इथे भरले असेल तर पहिल्या फेरीला वाइडबँड काढू नका. खाली सपाटीवर आणि परतीच्या चढावर लॉग घ्या.

कणकुंबीचा पाऊस लक्षात घेऊन ईसीयू सीटखाली उंच जागी, कपलरचे तोंड खाली करून बसवा. वायरींचे जोड टेप गुंडाळून न करता क्रिंप करून सील करा, अर्थिंग थेट इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हला द्या, आणि प्लग रेझिस्टर असलेलाच वापरा, नाही तर ठिणगीचा गोंधळ पिकअपच्या सिग्नलमध्ये शिरतो. गाडी आडवी पडताच पंप बंद करणारा सेन्सर काही जण काढून टाकतात. तो राहू द्या.

कायद्याचेही सांगायला हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेशी विसंगत बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाहीत आणि कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीही दावा नाकारू शकते. गोव्याच्या फेऱ्या याच गाडीने करायच्या की ती बंद ट्रॅकपुरती ठेवायची, हे पैसे घालण्याआधी ठरवा. मूळ ईसीयू, इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी विकू नका.

किटचा बोअर किती मिलिमीटर आहे, इंजेक्टर कोणता आहे आणि रोलर किती ग्रॅमचे आहेत ते कळवलेत, तर सुरुवातीचे टेबल कुठून धरावे ते सांगतो.