एवढा छान बोलतो, मग ऑटिझम कसा?

प्रश्न: ताई, माझा मुलगा साडेसात वर्षांचा आहे, दुसरीत. तिसऱ्या वर्षी दुकानांच्या पाट्या वाचायचा, आता लोकलचं टाइमटेबल तोंडपाठ. पण वर्गात एक मित्र नाही, पीटीचा तास अचानक रद्द झाला की बाकाखाली जाऊन बसतो, शर्टामागचं लेबल कापल्याशिवाय शर्ट अंगाला लावू देत नाही. एका डॉक्टरांनी दहा मिनिटं गप्पा मारल्या आणि म्हणाले, एवढा छान बोलतो, ऑटिझम कसला! नंतर टेस्ट केल्या तर बिने-कामतवर आयक्यू १३८ आणि ऑटिझम मोजायच्या आयएसएए स्केलवर ६४, म्हणजे नॉर्मल. शाळा म्हणते एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा. शिक्का बसेल म्हणून ह्यांना आता पुढे जायचंच नाहीये. काय करू?
– एक आई, कल्याण

उत्तर: आयक्यू १३८ आहे म्हणून ऑटिझम नाही, हे चूक आहे, साफ चूक. दोन्ही एकाच मुलात असू शकतं आणि मग निदान बऱ्याचदा लांबतं, कारण हुशारीच्या जोरावर मूल बरंच काही निभावून नेतं आणि सगळे म्हणतात होईल मोठा झाल्यावर नीट.

त्या दहा मिनिटांचं म्हणाल तर मुलाशी बोलताना अर्धं काम मोठं माणूसच करत असतं हो, प्रश्न तेच विचारतात, कौतुकाने ऐकतात, विषयही त्याच्या आवडीचा काढतात, मग तो छानच बोलणार ना. खरं काय ते बरोबरीच्या मुलांत कळतं. शेजारचा पोरगा म्हणाला "मी काल सायकलवरून पडलो", तर तुमचा "कुठे लागलं?" विचारतो, की त्याची कसारा लोकल पुढे चालूच राहते? नुसत्या हुशार, वर्गात कंटाळलेल्या मुलाला त्याच्यासारखाच लोकलवेडा दोस्त मिळाला की गप्पा बहुतेक वेळा दोन्हीकडून रंगतात. ऑटिझममध्ये विषय सेम असला तरी ही देवाणघेवाण अडखळू शकते. अर्थात एवढ्यावरून घरच्या घरी निदान करू नका.

आता ६४. आयएसएएमध्ये ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ मार्क, ७० च्या खाली आलं की ऑटिझम नाही असं धरतात. पण त्यात आलेलं बोलणं परत जाणं, तेच ते शब्द परत म्हणणं, असे बरेच मुद्दे आहेत, भरभर बोलणाऱ्या मुलाला तिथे मार्क कमीच पडणार. त्यामुळे ६४ वर फाइल बंद करणं मला अजिबात पटत नाही. बिने-कामतचाही एकच आकडा धरून बसू नका, त्यात भाषेवर भर जास्त असतो. विस्क ही मुलांची दुसरी आयक्यू टेस्ट करून घ्या आणि भाग-भाग वेगळे मागा, भाषेत खूप वर आणि प्रोसेसिंग स्पीडमध्ये, म्हणजे साधी कामं भराभर उरकण्यात, खाली असा फरक निघाला तर त्याने ऑटिझम सिद्ध होत नाही, पण आयक्यूच्या एकाच एकूण आकड्यात मुलाची अडचण कशी झाकली गेली ते दिसतं.

शाळेचं एडीएचडी पण उडवून लावू नका. २०१३ मध्ये डीएसएम-५, म्हणजे मानसोपचारातल्या निदानांच्या अमेरिकन नियमावलीची पाचवी आवृत्ती, येईपर्यंत ही दोन निदानं एकत्र देताच येत नव्हती, आता देता येतात.

डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांच्या विकासातल्या अडचणी बघणारे डॉक्टर) आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळून बघतात अशा ठिकाणी जा, मुंबईत उम्मीद चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर आहे. फोनवरच विचारा, चांगलं बोलणाऱ्या मुलांची एडॉस-२ (मुलाशी खेळत-बोलत ऑटिझमची लक्षणं बघायची टेस्ट) करता का, आणि शाळेतल्या बाईंशी बोलता का. जाताना दोन-तीन वर्षांचा असतानाचे वाढदिवसाचे व्हिडिओ घेऊन जा, कारण लक्षणं लहानपणापासून होती का हे त्यांना बघावंच लागतं. भावंडांत खेळतानाची आत्ताची क्लिपही न्या, त्याला कळू न देता काढलेली.

आणि मिस्टरांना सांगा, निदानाचा रिपोर्ट वेगळा आणि दिव्यांग सर्टिफिकेट वेगळं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, पण सर्टिफिकेट काढायची सक्ती कुणावरच नाही. रिपोर्ट तुमच्या घरात राहील, शाळेला त्यातलं किती सांगायचं ते तुम्ही दोघं ठरवा. मी तुमच्या जागी असते तर बाईंना किमान एवढं नक्की सांगितलं असतं, की तास बदलणार असेल तर त्याला सकाळीच सांगून ठेवा. त्यासाठी तर रिपोर्टची वाटही बघायला नको, उद्याच सांगा.