जॅझच्या जुन्याजाणत्या वादकांकडून नम्रपणा आणि प्रामाणिकपणा कसा शिकायचा?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं गिटार शिकताय, महिन्यातून एकदा जॅमला, म्हणजे वादक जमून आयत्या वेळी एकत्र वाजवतात त्या बैठकीला जाता, आणि तिथे मोठ्या वादकांसमोर काही चुकलं की ते झाकायची धडपड सुरू होते. जॅझमधली जुनी माणसं एवढी नम्र कशी असतात आणि त्यांच्यातलं आपण नेमकं काय घ्यायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी टेनर सॅक्सोफोन वाजवतो. पोटासाठी नाही, पण वीसेक वर्षं झाली. माझ्या एका खोट्यापासून सुरुवात करतो.

मुंबईत आमचा पाच-सहा जणांचा गट रविवारी दुपारी जमायचा. तिथे एक गोव्याचे म्हातारे सॅक्सोफोनवादक यायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी हॉटेलांच्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये काढलेली. आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. एका रविवारी ‘बॉडी अँड सोल’ वाजवायचं ठरलं. १९३० सालची ही चाल बत्तीस बारांची आहे (बार म्हणजे ठेक्याचा एक तुकडा, इथे चार ठोक्यांचा). पहिला भाग दोनदा येतो, मग मधला वेगळा भाग, ज्याला वादक ब्रिज म्हणतात, आणि शेवटी परत पहिला भाग. या ब्रिजमध्ये गाणं एकदम अर्धा स्वर वर सरकतं. टेनरवाल्याला ई फ्लॅट मेजरमधून उठून ई मेजरमध्ये, म्हणजे चार शार्पच्या (चार स्वर चढे असलेल्या) स्केलमध्ये जावं लागतं, आणि तिथे जरा बूड टेकतंय तोवर चार बारांनी एक पूर्ण स्वर खाली उतरावं लागतं. पहिला भाग माझा पक्का होता. ब्रिज येत नव्हता. तो आला की मी इतक्या भरभर ताना मारायचो की बरोबर कुठलं आणि चूक कुठलं हे कुणाच्या हाती लागू नये. त्या दिवशी टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी अंकल शेजारी येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “ब्रिज आता है तेरे को?”

मी म्हणालो, “हां अंकल.”

“गा के बता.”

मला एक ओळ गाता आली नाही. ते रागावले नाहीत, बाकीच्यांना काही बोललेही नाहीत. पेटीतून पेन्सिल काढली, माझ्या वहीत ब्रिजमधल्या प्रत्येक कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्याचा) फक्त पायाचा स्वर लिहिला आणि म्हणाले, महिनाभर एवढंच वाजव. मला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिला तो ब्रिज नव्हे. ते ‘हां’ टोचत राहिलं. ज्या माणसाला माझ्याकडून काहीच नको होतं, उलट द्यायचंच होतं, त्याच्याशी मी खोटं बोललो होतो.

अमेरिकेतला मोठा टेनर सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स याने स्वतः सांगितलेली एक आठवण मी यानंतर वाचली, म्हणून ती माझ्यात इतकी खोल गेली. ३० जानेवारी १९५३ला न्यूयॉर्कमध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं एक रेकॉर्डिंग होतं. टेनर वाजवायला दोघं जण: बावीस वर्षांचा रॉलिन्स आणि चार्ली पार्कर. पार्कर एरवी आल्टोवाला, म्हणजे टेनरहून लहान आणि वरच्या सुराचा सॅक्सोफोन वाजवणारा. त्या दिवशी टेनर घेऊन आला होता आणि दुसऱ्या कंपनीशी करार असल्यामुळे रेकॉर्डवर त्याचं नाव ‘चार्ली चॅन’ असं छापलं गेलं. त्या पिढीच्या तरुण वादकांचा पार्कर हा देवच होता, आणि देव हेरॉईन घेतो म्हणून भक्तही घेत होते. रॉलिन्सही त्यातच होता. पार्करला या गोष्टीचा मनापासून त्रास व्हायचा. त्याने रॉलिन्सला विचारलं, तू सुटलास ना यातून? रॉलिन्स म्हणाला, हो. थोड्या वेळाने दुसऱ्याच कुणाच्या तोंडून खरं बाहेर पडलं. पार्करचा पडलेला चेहरा रॉलिन्सने पाहिला, आणि आपल्यामुळे या माणसाला काय वाटतंय हे त्याला तिथल्या तिथे कळलं.

पुढे तो केंटकीमधल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी इस्पितळात उपचारासाठी गेला. बरं होऊन पार्करसमोर उभं राहायचं आणि ‘आता खरंच सुटलो’ म्हणायचं, एवढंच मनात होतं. तो तिथे असतानाच, १२ मार्च १९५५ला पार्कर गेला. चौतीस वर्षांचा होता. रॉलिन्सचं ते सांगणं राहूनच गेलं.

(पार्करचं व्यसन आणि प्रतिभा एका माळेत ओवून कौतुक करणारे लेख मला वाचवत नाहीत. ज्यांनी त्याला जवळून पाहिलं त्यांना त्यात कौतुकाचं काही दिसलं नाही.)

लेक्सिंग्टनहून रॉलिन्स शिकागोला गेला आणि झाडूपोछ्याची कामं केली. माइल्सबरोबर, पियानोवादक थेलोनियस मंकबरोबर रेकॉर्ड केलेला माणूस हा. पण क्लबमध्ये जुने साथीदार भेटणार, पुन्हा पुडी पुढे करणार, आणि आपण अजून तेवढे घट्ट झालेलो नाही, हे त्याला ठाऊक होतं. १९५५ संपता संपता तो क्लिफर्ड ब्राउन आणि ड्रमवादक मॅक्स रोच यांच्या बँडमध्ये आला. ब्राउन वयाने त्याच्याहून थोडा लहानच, पण नशेला न शिवणारा, आणि ट्रम्पेट असा वाजवणारा की ऐकत राहावं. स्वच्छ जगूनही चांगला जॅझवादक होता येतं हे मला क्लिफर्डने दाखवलं, असं रॉलिन्सने नंतर सांगितलंय. आपल्याकडे गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. आपल्याहून लहान माणसासाठी तो हात वर जाणं मला जास्त मोठं वाटतं.

आणि मग तो पूल. १९५९ला रॉलिन्स एकोणतीस वर्षांचा होत होता. ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ हा त्याचा गाजलेला अल्बम येऊन तीन वर्षं झाली होती, जाणकार त्याला टेनरमधला अव्वल मानत होते, कामाला तोटा नव्हता. नेमकं तेव्हाच त्याने जाहीर कार्यक्रम बंद केले. कारण साधं होतं. आपलं नाव आपल्या वाजवण्याच्या पुढे निघून गेलंय, कलेतल्या काही बाजू अजून कच्च्या आहेत, असं त्याला वाटत होतं. तो मॅनहॅटनमध्ये ग्रँड स्ट्रीटवर राहायचा. शेजारी एक गरोदर बाई होती, तिला त्रास नको म्हणून वाजवायला घराबाहेर जागा शोधत तो विल्यम्सबर्ग पुलाच्या पादचारी मार्गावर पोचला. खाली ईस्ट रिव्हर, बाजूने धडधडत जाणाऱ्या गाड्या, बोटींचे भोंगे. तिथे उन्हाळे-हिवाळे, कधीकधी दिवसाला पंधरा-सोळा तास रियाज. हे दोन वर्षांच्या वर चाललं.

उघड्यावर वाजवणं म्हणजे काय हे कळावं म्हणून मी एकदा पहाटे वरळी सी-फेसवर सॅक्सोफोन नेला होता. खोलीत भिंती आपला सूर परत देतात, त्याला गोलाई येते, आपण खूश होतो. तिथे सूर गेला की गेला. उरतो तो आपला श्वास आणि ओठांची पकड, आणि ती किती कच्ची आहे हे दहा मिनिटांत कळतं.

१९६१च्या अखेरीस रॉलिन्स मंचावर परत आला आणि १९६२ला ‘द ब्रिज’ हा अल्बम आला. एवढा अज्ञातवास केला म्हणजे आता काहीतरी क्रांतिकारक ऐकायला मिळणार, अशी लोकांची अपेक्षा होती. कित्येकांची निराशा झाली, कारण हा तर ओळखीचाच रॉलिन्स होता, फक्त आणखी खोल. मला यात फार मोठी सचोटी दिसते. दोन वर्षांच्या गैरहजेरीचा हिशेब लोकांना चुकता करायचा म्हणून त्याने काही नवल उभं केलं नाही. तुम्ही गिटारवाले आहात, तर हा अल्बम आजच ऐका. त्यात पियानो नाही, जिम हॉलची गिटार आहे. रॉलिन्स बोलत असतो तेव्हा हॉल दोन-तीन स्वरांचा एखादा कॉर्ड ठेवतो आणि थांबतो.

याच रॉलिन्सचा एक धागा आपल्या पवईशी जोडलेला आहे. १९६०च्या दशकाच्या शेवटी तो पुन्हा सगळं सोडून भारतात आला आणि काही महिने स्वामी चिन्मयानंदांच्या पवईच्या आश्रमात राहिला. ध्यानाला बसलं की मन ठरत नाही, अशी तक्रार त्याने केली तेव्हा, तुझं वाजवणं हेच तुझं ध्यान, असं उत्तर मिळाल्याचं तो सांगतो. १९७८ला ‘जॅझ यात्रा’ या महोत्सवाच्या पहिल्या वर्षी तो मुंबईत वाजवायला आला. आमचे अंकल त्या कार्यक्रमाला गेले होते. काय ऐकलं म्हणून विचारलं की ते एवढंच म्हणायचे, “वो ढूंढ रहा था, मॅन. स्टेज पे.”

आता तुमच्या चूक झाकण्याकडे येतो. पियानोवादक बिल एव्हान्स आणि त्याचा संगीतशिक्षक भाऊ हॅरी यांचं १९६६मध्ये चित्रित झालेलं एक संभाषण आहे. त्यात बिल पियानोवर बसून दाखवतो की नवशिका बहुधा काय करतो: मोठ्या वादकाचं जे ऐकलंय त्याचा अंदाजपंचे भास उभा करतो. ऐकायला ते बरंही वाटतं. पण त्यावर पुढचं काही बांधता येत नाही, कारण खाली काय आहे हे वाजवणाऱ्यालाच माहीत नसतं. त्यापेक्षा अगदी साधं वाजवा, पण ते खरं असू द्या, त्यावर मजला चढवता येतो, असं त्याचं म्हणणं. अंकलनी वहीत लिहिलेले पायाचे स्वर म्हणजे हेच होतं. एव्हान्स त्यांनी कधी वाचला-पाहिला असेल असं मला वाटत नाही.

चूक आणि खोटं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात घ्या. माइल्सच्या बँडमधला पियानोवादक हर्बी हॅनकॉक सांगतो, १९६०च्या दशकात जर्मनीत श्टुटगार्टला ‘सो व्हॉट’ ही माइल्सची चाल वाजवताना माइल्सच्या सोलोच्या (एकट्याने रंगवायच्या भागाच्या) ऐन भरात त्याच्या हातून साफ चुकीचा कॉर्ड पडला. माइल्स क्षणभर थांबला आणि त्याने असे स्वर घेतले की तो कॉर्ड बरोबर ठरला. हॅनकॉक खरोखर चुकला होता, त्यात लपवाछपवी नव्हती, म्हणून समोरच्याला काहीतरी धरता आलं. माझ्या ब्रिजमधल्या त्या गर्दीत कुणी काय धरलं असतं?

गिटारवाल्यांसाठी आणखी एक नाव सांगतोच: फ्रेडी ग्रीन. १९३७मध्ये पियानोवादक काउंट बेसीच्या मोठ्या बँडमध्ये आला आणि १९८७मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. बेसी स्वतः १९८४ला गेला, तरी हा होताच. पन्नास वर्षांत त्याने सोलो जवळजवळ घेतलाच नाही. प्रत्येक बारात चार ठोके, बिनाअँप्लिफायरच्या गिटारवर, तारा उंच ठेवलेल्या. डाव्या हाताखाली कित्येकदा दोन-तीनच तारा बोलायच्या. समोर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन यांची फौज. ती गिटार वेगळी अशी ऐकूच येत नाही, ती ड्रम्सच्या झांजेत विरघळलेली असते. पण बँड ज्या सुखाने पुढे सरकतो ते तिच्यामुळे. सुरुवातीला त्याने इलेक्ट्रिक गिटार आणून पाहिली होती. तो सोलोकडे वळला की खालचा ठेका रिकामा व्हायचा, म्हणून साथीदारांनीच त्याचा अँप्लिफायर वारंवार बिघडवला, अशी बँडमधल्यांनी सांगितलेली हकिगत आहे. चांगल्या तबलजीची साथ ऐकलेल्या माणसाला ग्रीनबद्दल फार समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या जॅमला एक पूर्ण गाणं फक्त चार ठोके वाजवून पाहा. दुसऱ्यांचं किती ऐकू येतं ते मला कळवा.

शेवटी अंकलची एक गोष्ट, कारण पुस्तकातल्या सगळ्यांपेक्षा मला तीच जास्त आठवते. सत्तरीच्या पुढचे होते तेव्हा. एक एकोणीस वर्षांचा पियानोवादक आमच्यात नवीन आला होता आणि त्याने सॅक्सोफोनवादक आणि रचनाकार वेन शॉर्टरची एक चाल काढली. तिचे कॉर्ड नेहमीच्या वाटेने जात नाहीत. सगळ्यांनी मान डोलावली, मीही. अंकलनी सॅक्सोफोन मांडीवर आडवा ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मेरे को नहीं आता. तुम लोग बजाओ, मैं सुनता.” पूर्ण वेळ डोळे मिटून ऐकत बसले. संपल्यावर त्या मुलाजवळ गेले, खिशातली वही पुढे केली आणि म्हणाले, चेंजेस (कॉर्डांचा क्रम) लिख के दे.

त्यानंतर चार-पाच रविवार गेले. एका दुपारी ते नेहमीपेक्षा लवकर आले, सॅक्सोफोनला नवी रीड (तोंडाकडची बांबूची पट्टी) लावली, दोन लांब सूर लावून पाहिले आणि त्या मुलाला म्हणाले, “वो शॉर्टर का ट्यून बजाएंगे?” पोराला आठवेना कुठलं. अंकलनी वही उघडून त्याच्यासमोर पियानोवर ठेवली. त्याच्या अक्षराखाली त्यांनी पेन्सिलीने प्रत्येक कॉर्डचा पायाचा स्वर लिहिला होता.