गणिताचं उत्तर बरोबर, तरी मार्क का कापतात?

तुमची मुलगी सीबीएसईला दहावीत आहे, गणितं डोक्यातच सोडवते, उत्तर बरोबर येतं तरी मार्क जातात. तिला पायऱ्या लिहायची सवय कशी लावावी, असं तुम्ही विचारलंय. मी इंदूरला रामबागेत गणिताच्या शिकवण्या घेतो. आधी शाळेत होतो, तेव्हा ढिगाने कॉप्या तपासल्यात. (महाराष्ट्रातल्यांनी दचकू नये, आमच्याकडे उत्तरपत्रिकेलाच कॉपी म्हणतात.)

80 मार्कांच्या पेपरात एकेका मार्काचे 20 प्रश्न पर्यायांचे. तिथे तिचं तोंडी गणित खुशाल चालू द्या. उरलेल्या 60 मध्ये मार्क पायरीला असतात, कुठे अर्धा, कुठे एक.

समजा, बसला 300 किमी जायचंय. वेग ताशी 10 किमीने वाढवला तर एक तास वाचतो, तर मूळ वेग किती? ती झटकन 50 सांगेल, आणि ते बरोबरच आहे. पण तपासणारा शोधतो ते हे: 'वेग क्ष मानू' हे वाक्य, मग 300/क्ष − 300/(क्ष + 10) = 1, त्यावरून क्ष² + 10क्ष − 3000 = 0, पुढे (क्ष + 60)(क्ष − 50) = 0, आणि वेग ऋण नसतो म्हणून −60 सोडलं, ही अर्धी ओळ. ती तर निम्मी मुलं गाळतात. शेवटी 'किमी/तास'.

आता हीच मुलगी घाईत अवयव पाडताना चुकली तर? समीकरणापर्यंतचे मार्क तिचेच. शिवाय एका चुकीचे मार्क एकदाच कापायचे, ती पुढे वाहत गेली म्हणून पुन्हा नाही, अशी तपासणाऱ्यांना सूचनाच असते. नुसतं चुकीचं उत्तर लिहिलं असेल तर देणार कशाला?

आणखी एक खोड बघा. 300 ÷ 50 = 6 − 1 = 5 असं लिहितात. अहो, 300 ÷ 50 म्हणजे 5 कधीपासून? बरोबरच्या चिन्हाला 'आणि मग' समजतात पोरं. दर ओळीला नवी सुरुवात करायला सांगा.

सवयीचं म्हणाल तर रागावून काही होत नाही. मी दोघांच्या वह्या अदलाबदल करून हातात लाल पेन देतो. दुसऱ्याची गाळलेली पायरी बरोब्बर दिसते, आणि मार्क देताना तर माझ्यापेक्षा कंजूष! तिच्या एखाद्या मैत्रिणीला रविवारी बोलवा, पोहे-जलेबी खाऊ घाला आणि दोघींना बसवा.